हिरवे साक्षीदार

नदीचे पाणी स्वच्छ आहे की घाण, हे कसे ठरवतात असे तुम्हाला कोणी विचारले, तर तुम्ही लगेच म्हणाल, "पाणी बाटलीत भरायचे आणि प्रयोगशाळेत तपासायचे." उत्तर बरोबर आहे. प्रयोगशाळेत त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, नायट्रेट किती, फॉस्फेट किती हे मोजतात. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, तेही मोजतात. या मापाला जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी किंवा थोडक्यात बीओडी म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी पाण्याचा नमुना २७ अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस ठेवतात. ज्या नदीत लोकांनी आंघोळ करावी, तिच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा आपल्या देशातील निकष आहे.

आता यातली अडचण पाहा. नदी वाहती असते. सकाळी अकरा वाजता पुलाखालून भरलेली बाटली अकरा वाजताच्या पाण्याची हकिगत सांगते. समजा, आदल्या रात्री दोन वाजता कोणी एक टँकर आम्ल जवळच्या नाल्यात ओतून दिले. सकाळपर्यंत ते पाणी कितीतरी किलोमीटर पुढे निघून गेलेले असेल. बाटलीत त्याचा मागमूसही सापडणार नाही आणि अहवालात सारे काही ठीक दिसेल. खालच्या गावातील मासे मात्र मेलेले असतील.

मग रात्री दोन वाजताही जागेवर हजर असणारा एखादा साक्षीदार नको का? असे साक्षीदार नदीत पुष्कळ आहेत. तळाच्या गाळात मुळे रोवून उभ्या असलेल्या वनस्पती, दगडांवर वाढलेले शेवाळ, त्याच दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर हे सगळे रात्रंदिवस त्याच पाण्यात असतात. वरून जे काही वाहत येईल ते त्यांना सोसावेच लागते. सोसले तर त्या वाढतात, सोसले नाही तर मरतात, आणि काही वेळा जे आले ते आपल्या अंगात साठवून ठेवतात. त्यांच्याकडे पाहून नदीचा गेल्या काही आठवड्यांचा इतिहास वाचता येतो. मात्र या साक्षीदारांची भाषा आपल्याला यायला हवी. ती थोडीफार शिकू या.

घाटापासून संगमापर्यंत

उदाहरणादाखल पुण्याची मुठा नदी घेऊ. ती सह्याद्रीत उगम पावते. टेमघर, वरसगाव आणि पानशेत या धरणांचे पाणी खडकवासल्याला एकत्र येते. तिथून पुढे पुण्यात शिरून ती संगमावर मुळेला मिळते, आणि मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. म्हणजे पुण्याच्या पुलाखालून जे वाहते ते पुढे सोलापूर जिल्ह्यातील लोकांपर्यंत पोहोचते, हे ध्यानात असू द्या.

सह्याद्रीतील वेगवान ओढ्यांत, पाणी खडकांवरून फेसाळत उड्या मारते अशा जागी, पोडोस्टेमेसी कुलातील वनस्पती आढळतात. त्या खडकाला इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की पाहणाऱ्याला शेवाळच वाटावे. पण त्या सपुष्प वनस्पती आहेत! पावसाळ्यानंतर पाणी उतरून खडक उघडे पडू लागले की त्यांना इवलीशी फुले येतात. त्यांना स्वच्छ, वाहते आणि ऑक्सिजनने भरलेले पाणी लागते. खडकांवर गाळाचा किंवा चिकट घाणीचा थर बसला की त्यांचे बी रुजायला जागाच उरत नाही. ओढ्यात ही वनस्पती सापडली की वरच्या अंगाला मोठी घाण नाही असे धरून चालायला हरकत नाही.

सपाटीवर नदी संथ होते. पाणी नितळ असेल तर तिच्या तळापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचतो आणि तिथे बुडालेल्या वनस्पतींची दाटी होते. फितीसारखी लांब पाने असलेली व्हॅलिस्नेरिया, खोडाभोवती पानांची वर्तुळे असलेली हायड्रिला, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार सिरॅटोफायलम. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया तुम्ही प्रयोगशाळेत पाहिल्याच असतील. हायड्रिलाच्या फांदीवर उलटे नरसाळे ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे जमवण्याचा प्रयोग तर सर्वांच्याच पुस्तकात असतो.

आता या पाण्यात सांडपाण्याचा नाला येऊन मिळाला असे समजा. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची संयुगे भरपूर असतात. शेतात घालतो त्या खताचाच हा प्रकार म्हणा ना. त्यामुळे प्रथम वनस्पती कमी होत नाहीत, उलट वाढतात. नवख्या माणसाची येथेच फसगत होते. "नदी किती हिरवीगार आहे!" असे तो म्हणतो. पण कोणत्या वनस्पती वाढल्या हे पाहिले की खरी गोष्ट कळते. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ वाढून पाणी गढूळ हिरवे होते. तळाशी उजेड पोहोचेनासा होतो. व्हॅलिस्नेरियासारख्या तळाशी राहणाऱ्या वनस्पती आधी जातात. सिरॅटोफायलमला मुळे नसतात. ती अन्नद्रव्ये थेट पाण्यातून घेते आणि पृष्ठभागाजवळ वाढू शकते, म्हणून ती अधिक काळ टिकते. कंगव्यासारख्या बारीक पानांची एक पाणवनस्पती, जिला जुन्या पुस्तकांत पोटॅमोजेटॉन पेक्टिनेटस म्हणतात, तीही घाण बरीच सोसते. काठावर रामबाण (यालाच पाणकणीस म्हणतात) आणि अळू माजतात. नाल्याकाठचे ते टवटवीत अळू पाहून कोणाला भाजी करण्याचा मोह झाला तर त्याला आवरा. ते कशावर पोसले आहे हे आपल्याला ठाऊक आहे.

घाण आणखी वाढली की जिवाणू तिचे विघटन करताना पाण्यातील ऑक्सिजन संपवून टाकतात. मुळात पाण्यात ऑक्सिजन फार नसतोच. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नदीची शिल्लक आधीच कमी असते. ती संपली की हिरवे फारसे काही उरत नाही. दगडांवर, काटक्यांवर राखाडी लोकरीसारखे पुंजके दिसू लागतात. त्याला इंग्रजीत 'सांडपाण्यावरची बुरशी' अशा अर्थाचे नाव आहे, पण ते नाव फसवे आहे. त्यात मुख्यतः स्फीरोटिलस नावाचे तंतुमय जिवाणू असतात. हे पुंजके दिसले की नदीची प्रकृती गंभीर आहे असे समजावे.

जलपर्णीची साक्ष किती खरी?

नदी घाण झाली म्हटले की सर्वांना आठवते ती जलपर्णी. कोल्हापूरकडे तिलाच केंदाळ म्हणतात. जांभळी, देखणी फुले आणि फुगीर देठ असलेली ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. शोभेची म्हणून ती जगभर नेली गेली आणि आता जगभर डोकेदुखी होऊन बसली आहे. अनुकूल परिस्थितीत तिचा विस्तार दोनेक आठवड्यांत दुप्पट होतो. पुण्यात मुळा-मुठा आणि पवना, कोल्हापूर-इचलकरंजी भागात पंचगंगा, पुढे उजनीचा जलाशय येथे तिचे गालिचे पसरलेले तुम्ही प्रत्यक्ष किंवा छायाचित्रांत पाहिले असतील.

जलपर्णी माजली याचा अर्थ पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस मुबलक आहे आणि प्रवाह संथ आहे. इतके ती खात्रीने सांगते. पण साक्षीदार म्हणून तिच्यात एक मोठा दोष आहे. ती एका जागी राहत नाही. वाऱ्याने सरकते, प्रवाहाबरोबर वाहते आणि बंधाऱ्याच्या भिंतीपाशी येऊन साचते. बंधाऱ्यामागे जलपर्णी दिसली म्हणून घाण तिथेच सोडली जाते असे म्हणता येणार नाही. नाला दहा किलोमीटर वर असू शकेल. पावसाळ्यात पूर आला की सारी जलपर्णी वाहून जाते. मग "नदी स्वच्छ झाली" असे म्हणायचे काय? नाही. म्हणून नदीची पाहणी करणारे शास्त्रज्ञ तरंगत्या वनस्पतींपेक्षा एका जागी रुजलेल्या किंवा चिकटलेल्या वनस्पतींवर अधिक भरवसा ठेवतात.

याच विचारातून जर्मनीतील रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक पद्धत बसवली. १९०८ साली त्यांनी वनस्पतींची आणि १९०९ साली प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. नाल्याच्या तोंडापासून खाली खाली जावे तसतशी नदी हळूहळू आपली आपण स्वच्छ होत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ठरावीक सजीव आढळतात, हे त्यांनी दाखवून दिले. अगदी घाण टप्प्यात जिवाणूंचे राखाडी पुंजके, नंतर निळे-हिरवे शेवाळ, त्यानंतर हिरव्या तंतूंचे शेवाळ आणि करंडक वनस्पती, शेवटी नितळ पाण्यातील नाना प्रकारच्या वनस्पती. कोणता सजीव सापडला यावरून आपण नाल्यापासून किती सावरलेल्या पाण्यात आहोत हे ओळखायचे. पुढे या पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या पाण्यासंबंधीच्या कायद्यात तर नदीची प्रकृती ठरवताना पाणवनस्पती आणि तळावरचे शेवाळ पाहणे हा तपासणीचा एक भागच करून टाकला आहे.

काचेच्या डब्यांतले शेवाळ

वर करंडक वनस्पतींचे नाव आले. इंग्रजीत त्यांना डायटम म्हणतात. नदीतला दगड उचलला की त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागतो. तो बहुतेक यांचाच असतो. प्रत्येक वनस्पती एका पेशीची आणि तिच्याभोवती सिलिकेचे, म्हणजे काच ज्या पदार्थापासून होते त्याचे, कवच. कवचाचे दोन भाग असतात आणि ते कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखे एकमेकांत बसतात, म्हणून हे नाव. कवचावरची नक्षी प्रत्येक जातीची वेगळी असते. पेशी मेली तरी कवच टिकते. त्यामुळे जात ओळखणे शक्य होते.

अमेरिकेतील रूथ पॅट्रिक यांनी या वनस्पतींना नदीच्या कामी लावले. त्या सात वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना सूक्ष्मदर्शक दिला होता. पुढे फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत काम करताना १९४८ साली त्यांनी पेनसिल्व्हेनियातील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्याची पाहणी केली. तीत त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी पण फार महत्त्वाची आहे. निरोगी ओढ्यात जाती पुष्कळ असतात आणि प्रत्येक जातीचे सजीव थोडे थोडे असतात. प्रदूषित ओढ्यात जाती मोजक्याच उरतात, पण त्या मोजक्या जातींची संख्या मात्र भरमसाट वाढते. एखाद्याच जातीवर बोट ठेवण्याऐवजी सगळी वस्ती पाहा, असे त्यांचे म्हणणे. मला स्वतःला या सगळ्या विषयातील हा सर्वांत उपयोगी विचार वाटतो, कारण तो जातींची नावे पाठ नसलेल्यालाही वापरता येतो. सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे आकार किती दिसतात आणि त्यांत एकाच आकाराचे प्राबल्य आहे काय, एवढे तर कोणीही मोजू शकेल.

दगड प्रत्येक ठिकाणी सारखे नसतात. म्हणून पॅट्रिक यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या बसवलेली एक तरंगती पेटी तयार केली आणि ती नदीत ठेवली. काही दिवसांनी काचपट्ट्यांवर करंडक वनस्पतींची वस्ती होते. सर्व ठिकाणी काच तीच, दिवस तेवढेच. फरक राहिला तो पाण्याचा. हे तुम्हालाही करता येईल. दोन काचपट्ट्या बुचाच्या तुकड्यात खाच पाडून बसवा, त्याला दोरीने दगड बांधा आणि तो पाण्यात अशा जागी सोडा की काचपट्ट्या पृष्ठभागापासून वीतभर खाली राहतील. दोन आठवड्यांनी काढून एक बाजू पुसा आणि दुसरी बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

महाराष्ट्रात या वनस्पतींचा अभ्यास बराच जुना आहे. एच. पी. गांधी यांनी १९५०च्या दशकात कोल्हापूर आणि आसपासच्या करंडक वनस्पतींवर निबंध लिहिले. महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातील करंडक वनस्पतींवर सरोदे आणि कामत यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. अशा जुन्या याद्यांचे मोल आज फार आहे. त्या काळी एखाद्या ठिकाणी कोणत्या जाती होत्या याची नोंद आहे म्हणूनच आज तिथे काय बदलले हे विचारता येते.

गुण देऊन पाहा

वस्ती पाहून निष्कर्ष काढायचा तर तो आकड्यांत मांडता आला पाहिजे. १९६९ साली सी. एम. पामर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १६५ लेखकांच्या नोंदी एकत्र करून सेंद्रिय घाण सोसणाऱ्या शेवाळांच्या वीस प्रजाती निवडल्या आणि प्रत्येकीला १ ते ५ गुण दिले. जितकी घाण सोसण्याची ताकद अधिक, तितके गुण अधिक. युग्लीना आणि ऑसिलेटोरिया यांना प्रत्येकी ५, क्लॅमिडोमोनस आणि सेनेडेस्मस यांना ४, क्लोरेला, नाविक्युला आणि नित्शिया यांना ३, फेकस आणि सिनेड्रा यांना २, गॉम्फोनेमा आणि क्लॉस्टेरियम यांना १. काटेकोर बोलायचे तर ऑसिलेटोरिया ही वनस्पती नव्हे, तिची गणना आता जिवाणूंत करतात. पण पाण्याच्या कामात ती शेवाळांबरोबरच पाहण्याची पद्धत आहे. नमुन्यात पुरेशा संख्येने सापडलेल्या प्रजातींचे गुण मिळवायचे. बेरीज २० किंवा अधिक आली तर सेंद्रिय प्रदूषण फार आहे, १५ ते १९ आली तर बहुधा आहे, असे समजायचे.

समजा, नाल्याच्या वरच्या बाजूच्या नमुन्यात नाविक्युला, सिनेड्रा, गॉम्फोनेमा आणि क्लॉस्टेरियम सापडले. ३ + २ + १ + १ = ७. नाल्याच्या खालच्या बाजूला युग्लीना, ऑसिलेटोरिया, सेनेडेस्मस, क्लोरेला, नित्शिया, नाविक्युला आणि फेकस सापडले. ५ + ५ + ४ + ३ + ३ + ३ + २ = २५. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पण सूक्ष्मदर्शक आणि चित्रांचे एक चांगले पुस्तक असेल तर तुमच्या शाळेलाही आपल्या गावच्या नदीची अशी बेरीज करता येईल. प्रजाती ओळखण्याचे काम शिक्षकांच्या मदतीने करा. घाईत नित्शियाला नाविक्युला म्हटले तरी गुण तेवढेच राहतात, हा आपला नशिबाचा भाग!

एक मर्यादा मात्र विसरू नका. पामरचे गुण फक्त सेंद्रिय घाणीचे आहेत. कारखान्यातील तांबे, शिसे किंवा कॅडमिअम पाण्यात आले तर युग्लीनासुद्धा मरेल, बेरीज कमी येईल, आणि तुम्ही "नदी स्वच्छ" असे लिहून मोकळे व्हाल. तिथे वेगळा साक्षीदार हवा.

अंगात साठवणारे

धातू पाण्यात फार थोडे असतात. पण पुष्कळ पाणवनस्पती ते शोषून अंगात साठवतात. जलपर्णीच्या मुळांत पानांपेक्षा कितीतरी अधिक धातू सापडतात. पाण्यातले शेवाळी गटातील मॉस तर याबाबतीत प्रसिद्धच आहे. त्याला खरी मुळे नसतात. पाण्यातील पदार्थ ते साऱ्या अंगाने घेते, आणि त्यातील धातूंचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या हजारो पट होऊ शकते. उत्तर इंग्लंडमध्ये शिसे आणि जस्ताच्या जुन्या खाणी आहेत. डरहॅम विद्यापीठातील ब्रायन व्हिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नद्यांतील मॉसचा अनेक वर्षे अभ्यास केला. स्वच्छ ओढ्यातील मॉस जाळीच्या पिशव्यांत भरून संशयास्पद नदीत ठिकठिकाणी टांगायचे, काही दिवसांनी काढून त्यातील धातू मोजायचे, अशी पद्धत त्यांनी १९८७ साली वर्णन केली. समजा, तिसऱ्या पिशवीत धातू नाही आणि चौथीत आहे. मग चोर तिसऱ्या आणि चौथ्या पिशवीच्या मधल्या नाल्यात शोधावा! रात्री दोन वाजता सोडलेले पाणीही ही पिशवी चुकवत नाही.

धातू मोजण्याची यंत्रे शाळेत नसतात. पण धातूचा वनस्पतीवर होणारा परिणाम तुम्हाला डोळ्यांनी पाहता येईल. त्यासाठी डबक्यात किंवा तळ्यात हिरव्या टिकल्यांसारखी तरंगणारी लेम्ना गोळा करा. इंग्रजीत तिला डकवीड म्हणतात. एकेक टिकली म्हणजे पान आणि खोड यांचे काम करणारा वनस्पतीचा सारा देह. तिच्या खाली एकच बारीक मूळ लोंबते. टिकलीच्या कडेतून नवी टिकली फुटते. हिची वाढ इतकी झपाट्याने होते आणि ती मोजायला इतकी सोपी, की रसायनांची विषारकता तपासण्यासाठी सात दिवसांची लेम्नाची चाचणी आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण म्हणून स्वीकारलेली आहे.

सहा सारखे काचेचे पेले घ्या. प्रत्येकात ज्या तळ्यातून लेम्ना आणली तेथलेच गाळलेले पाणी २५० मिलिलिटर भरा. एका वेगळ्या बाटलीत एक लिटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद विरघळवा. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, कारण मोरचूद विषारी आहे. या द्रावणाचा १ मिलिलिटर तीन पेल्यांत प्रत्येकी टाका. हिशेब केलात तर या पेल्यांत लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम तांबे झाले असे दिसेल. उरलेल्या तीन पेल्यांत काही घालू नका. प्रत्येक पेल्यात दहा निरोगी टिकल्या सोडा. सहाही पेले खिडकीत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही अशा जागी शेजारी शेजारी ठेवा. दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी टिकल्या मोजा. रंग, मुळांची लांबी आणि टिकल्या एकमेकींपासून सुटल्या आहेत का, हेही लिहा. साध्या पाण्यात दहाच्या चाळीस झाल्या तर सात दिवसांत दोनदा दुप्पट झाल्या, म्हणजे दुप्पट व्हायला साडेतीन दिवस लागले. तांब्याच्या पेल्यात वाढ मंदावते, टिकल्या पिवळ्या पडतात. तीन तीन पेले कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. एकच पेला असता तर त्यातली लेम्ना तांब्याने मेली की आधीच रोगट होती, हे सांगता आले नसते.

नंतर मोरचुदाऐवजी नदीच्या पाण्याने हाच प्रयोग करा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात लेम्ना साध्या पाण्यापेक्षा जोमाने वाढलेली आढळली तर चक्रावून जाऊ नका. खताची गोष्ट वर सांगितलीच आहे. जोमाची वाढ पाणी स्वच्छ असल्याचा पुरावा होत नाही, तसेच खुंटलेली वाढ नेहमीच कारखान्याकडे बोट दाखवत नाही. त्या पाण्यात अन्नद्रव्येच कमी असतील. म्हणून अशा पाण्यात थोडे तळ्याचे पाणी मिसळूनही एक पेला ठेवावा. विष असेल तर मिसळलेल्या पाण्यातही वाढ खुंटते, उपासमार असेल तर वाढ सुधारते.

नदीवर जाताना

पाहणीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात पुराचे पाणी दगड खरवडून साफ करते आणि साक्षीदारच नाहीसे होतात. निदान दोन जागा निवडा. एक संशयित नाल्याच्या वर, एक खाली. दोन्ही जागी पाण्याची खोली, वेग, तळ आणि सावली शक्य तितकी सारखी असावी. एका जागी वडाची गर्द सावली आणि दुसरीकडे लख्ख ऊन असेल, तर वनस्पतींतला फरक नाल्याचा की वडाचा हे सांगता येणार नाही. वनस्पती नाहीशा होण्याची कारणे प्रदूषणाखेरीजही असतात. वाळूचा उपसा होतो, म्हशी डुंबतात, धरणातून अचानक पाणी सोडतात. काठावरच्या लोकांना विचारा. धुणे धुणाऱ्या बायका आणि मासेमारी करणारे लोक नदीतील बदल सर्वांआधी ओळखतात.

पाण्यात एकट्याने उतरू नका. शिक्षक किंवा मोठे माणूस बरोबर असू द्या. रबरी हातमोजे घाला, जखम असेल तर पाण्याला हात लावू नका, आणि परतल्यावर साबणाने हात धुवा. जलपर्णी किंवा लेम्ना एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात सोडू नका. प्रयोग संपल्यावर ती वाळवून टाका. मोरचुदाचे पाणी मोरीत ओतू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत टाकाऊ रसायनांसाठी भांडे असते, त्यात जमा करा.

आपल्या देशात प्रदूषित नद्यांचे पट्टे मोजण्याचे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. २०१८ साली असे ३५१ पट्टे नोंदवले गेले, त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ सालच्या अहवालात एकूण संख्या ३११वर आली, पण महाराष्ट्राची ५५ झाली. दोन्ही वेळा सर्वांत अधिक पट्टे आपल्याच राज्यात होते. हे पट्टे बीओडीवरून, म्हणजे बाटलीवरून ठरवलेले आहेत. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याखाली कोणावर कारवाई करायची तर रीतसर घेतलेला पाण्याचा नमुनाच लागतो. तेथे लेम्नाची किंवा करंडक वनस्पतींची साक्ष पुरी पडत नाही. पण बाटली कोणत्या नाल्याच्या तोंडाशी भरायची, आणि दिवसा भरायची की रात्री, हे ठरवायला ती उपयोगी पडते.

तुमच्या वहीत प्रत्येक पाहणीची तारीख, वेळ, जागा, पाण्याची खोली, तापमान, सापडलेल्या वनस्पती आणि त्यांनी साधारण किती जागा व्यापली आहे याची नोंद करा. नाव ठाऊक नसलेल्या वनस्पतीची एक फांदी वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवा आणि तिच्यावर त्याच नोंदीचा क्रमांक लिहा. बुडालेल्या वनस्पती पाण्याबाहेर काढल्यावर लिबलिबीत गोळा होऊन बसतात. त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. त्या परातीतल्या पाण्यात पसरून ठेवाव्यात, खालून जाड कागद सरकवून कागदासकट अलगद वर उचलाव्यात, म्हणजे पाने पसरलेलीच राहतात. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तीच जागा, तोच महिना आणि ही वही द्या.